चौथं रीळ

नळस्टॉपपासून चालत आलो.
कुमूताई दोन पावलं पुढे, नेहमीसारखी,
मागून हाक मारून तिला थांबवता येत नाही.
सहाव्या वर्षी विषमज्वर, तिथे कानांचा विषय संपला.
पुढे चाळीस वर्षं छापखान्यात पुस्तकं बांधली,
बोटांना अजून खळीचा वास येतो म्हणते.
तिला घेऊन सिनेमाला जाणं
मी जन्मभर टाळलं.

आजचा सिनेमाच मुका.
मुका म्हणजे, पडद्याखाली पेटीवर ओगले,
तबल्याला मुजावरांचा धाकटा,
आणि व्हायोलिनला एक मुलगी, दोन वेण्यांची.
तिघांच्या माना वर,
पंगतीत वाढप्याकडे असतात तशा.

राजा वनवासाला निघाला.
राणीनं पाय धरले
(राणी म्हणजे कोणी बाप्या,
मनगटावरचे केस बांगड्यांत अडकलेले).
पाटी आली : नाथ, मला कोणावर टाकून जाता?
ओगल्यांनी जोगिया धरला,
कुणीतरी नाक ओढलं,
आणि शेजारी कुमूताई फसकन हसली.

चार रांगा वळल्या.
तिनं तिकिटाच्या पाठीवर लिहिलं :
"तो म्हणतोय, पाय सोड मेल्या, धोतर सुटेल."

मग ती थांबेचना.
तिकीट भरलं, तळहात पुढे केला.
ऋषी म्हणाला, डोकं तापलं.
प्रधान म्हणाला, आज भात कच्चा होता.
राणीनं पदरानं डोळे टिपत विचारलं,
दाढी दिसते का रे?
इतकी वर्षं कुणी न ऐकलेलं
माझ्या हातावर गुदगुल्या करत उतरत होतं
आणि पेटी बिचारी मनापासून रडत होती.

मग पडदा काळा.
रीळ चौथे उपलब्ध नाही.
ओगले थांबले नाहीत.
काळोखाकडे बघत वाजवत राहिले तिघं,
नऊ मिनिटं, कदाचित दहा.
मला दिसत होती एक नदी, एक होडी,
कुणीतरी काठावर राहिलेलं.
तिला वाचायला ओठच नव्हते.
मी तिच्या तळहातावर लिहिलं : नदी.
चुकलं वाटलं. हातावर खोडतात कसं?
तिनं हात सोडवून घेतला,
चपला काढल्या,
तळपाय लाकडी जमिनीवर टेकवून
बसून राहिली.

पाचव्या रिळात राजा परतला.
राणी नव्हती. का नव्हती,
पाटीवर काही नव्हतं.
लोक एकमेकांकडे बघू लागले.
कुमूताई तेवढी पदरानं डोळे पुसत होती.

बाहेर लॉ कॉलेज रोडला
रिक्षावाल्यानं तोंड फिरवून नकार दिला,
तो तिला माझ्याआधी कळला. ती निघालीसुद्धा.
मी धावत पुढे जाऊन
दिव्याखाली तिच्यासमोर उभा राहिलो,
ओठ दिसावेत म्हणून :
ती मेली, तुला कसं कळलं?

रस्त्यावर तिचा आवाज नेहमीच मोठा लागतो.
"जड होतं ते थांबलं," ती म्हणाली,
"हलकं एकटंच चालत राहिलं."