एकोणिसावी ओळ

शुवैखच्या शेडमध्ये एसी नाही, पंखा आहे.
संगमरवराची भुकटी मिशीत, चहात, खुब्जाच्या घडीत.
मी आजऱ्याकडचा पाथरवट.
बाप जात्यांना टाकी लावत गावोगाव हिंडला,
मी यंत्रावर अक्षरं कोरतो, उजवीकडून डावीकडे,
मला न वाचता येणारी.
एवढं कळतं, ओळ संपली की एक माणूस संपला.

या खेपेला एक्केचाळीस. शाळेच्या भिंतीसाठी.

पॉलिशवाला बहमन आबादानचा.
म्हणतो, आमच्याकडे नाव कोण वाचतं, चेहरा लागतो.
खांबाखांबावर पोरं, मिसरूड न फुटलेली.
उन्हानं आधी ओठ उडतात, मग डोळे,
मग नगरपालिका नवा छापून लावते.
त्याचा थोरला भाऊ चौकातल्या तिसऱ्या खांबावर.
बहमनला नातवंडं झाली,
थोरला अजून सोळाचाच.

नजदचा मुतलक, ट्रकवाला, बशीत फुंकर घालतो.
आमच्यात उशाला एक धोंडा. बिननावाचा.
अमीर असो की उंटवाला.
ज्याला मोजायचेत त्याला मोजता येतात.

आणि तुमच्यात?

काय सांगू यांना मोडक्या हिंदीत.
देवळामागे वीरगळ आहे.
खाली लढाई, मधे अप्सरा त्याला उचलून नेतायत,
वर तो पिंडीपुढे, हात जोडून. माथ्यावर चंद्रसूर्य.
नाव नाही.
बायका तेल घालतात, पोरं कडेला विळे घासतात.
टाकीच्या घावांनी नव्हे,
विसरल्यानं देवपण आलं त्याला.
आणि चावडीत साहेबाची फरशी :
या गावातून महायुद्धास गेले अकरा,
पैकी कामी आले तीन.
कोणते तीन, ते फरशीला ठाऊक नाही.
बसऱ्याकडे गेले म्हणतात.
बसरा इथून दोन तास, मधे सरहद्द नसती तर.

सोमवारी एक म्हातारी आली,
हातात चष्म्याचं घर, चष्मा नाहीच त्यात.
बोटानं चाचपत कागदावर एकोणिसाव्या ओळीशी थांबली.
बहमननं मला सांगितलं,
हे कोरू नको म्हणते. अजून आला नाही.
मालक म्हणाला, चौतीस वर्षं झाली, खाला.
ती म्हणाली, मग?

तेवढी जागा मी हातानं घासली,
पाणी टाकत, बापासारखी उकिडवं बसून.
चाळीस नावांना लागला नाही
इतका वेळ त्या एका कोऱ्या पट्टीला लागला.
मालकानं बिल चाळिसाचंच केलं.
पट्टीचा दर त्याच्या वहीत नव्हता.