नाव घालणारा

भांड्यांवर नाव घालून मिळेल. अक्षराला दोन रुपये.
रविवार कारंज्याच्या अलीकडे, बोळाच्या तोंडाशी
एक स्टूल, एक मशीन, एक चष्मा.
चि. सौ. कां. अमुक हिस मामाकडून,
वास्तुशांतीनिमित्त,
कै. तमुक यांच्या स्मरणार्थ.
अर्ध्या नाशिकच्या फडताळात माझं अक्षर आहे.

बोरस्ते सर स्कूटर न बंद करताच म्हणाले,
मुंबईचा कारागीर आला नाही, तुम्ही चला.
सुपर कप आहे. देशाचा.
एकीकडे लीग जिंकलेले, एकीकडे कप जिंकलेले,
सामना एकच,
आणि शेवटच्या शिट्टीपासून दहा मिनिटांत
जिंकेल त्याचं नाव कपावर.
मी विचारलं, अक्षरं किती?

तपोवनाच्या अंगाला नवं स्टेडियम. डिसेंबरची संध्याकाळ,
नदीकडून येणारी थंडी थेट बोटांच्या पेरांत.
जिन्याखाली टेबल, एक्स्टेन्शन बोर्ड,
मफलरमध्ये मी.
समोर तो कप: चांदीचा पट्टा, सात जुनी नावं,
मग साडेतीन इंच कोरी जागा.

हिलटॉप रेंजर्स शिलाँग. इंग्रजीत बावीस अक्षरं.
कोरल एफ.सी. सात.
मला फुटबॉल कळत नाही.
मी कोरलच्या बाजूने होतो.

चेंडू आणून देणारं सातपूरचं पोरगं, ओंकारेश,
मला माझ्याच भाषेत समजावत होतं:
काका, लीग म्हणजे रोजचा स्वयंपाक,
आठ महिने, दोन्ही वेळा, करपवायचं नाही.
कप म्हणजे पंगत.
पाच रात्री. एकदा चुकला की पानावरून ऊठ.
मग यातलं मोठं कोण?
तेच तर बघायला आलेत ना सगळे, ते म्हणालं
आणि चेंडूमागे पळालं.

सोबत एक कोरं ताट आणलं होतं, सरावाला.
बावीस अक्षरं साडेतीन इंचांत बसतात का ते बघायला.
वर गर्दी ओरडत होती, जिना थरथरत होता,
त्या थरथरीत सुई धरणं म्हणजे
रडणाऱ्या पोराला काजळ घालणं.
चार एल, काठ्यांसारखे उभे केले.
दोन जी, पोट आत घेऊन.
शेवटचा जी काठाला लागतोय असं वाटलं,
नाही लागला. केसभर जागा राखून थांबला.
तीस वर्षांत असं नाव उतरलं नव्हतं.

तेव्हा, मध्यंतराच्या जरासं आधी,
मी कुणाला न सांगता बाजू बदलली.

नव्वद मिनिटं झाली. एक-एक.
मग पेनल्ट्या.
पहिल्यांदाच उठून जिन्याच्या फटीतून पाहिलं.
शिलाँगचा बानतेई, जर्सीबाहेर मानेवर लाल दोरा,
चेंडू ठेवला, उचलला, परत ठेवला.
मी पण असंच करतो, पहिल्या अक्षराआधी.
चेंडू गोलावरून गेला,
दिव्यांच्या पलीकडे,
साधुग्रामच्या काळोख्या मोकळ्या जागेत.
ओंकारेश बराच वेळ परत आला नाही.

सात अक्षरं सहा मिनिटांत झाली.
दोन्ही बाजूंना एवढी जागा उरली
की आणखी एक सामना खेळता आला असता.
वर फटाके.
हिशोबाने चौदा रुपये झाले होते,
बोरस्ते सरांनी पाचशे दिले.

वायर गुंडाळत होतो तर बानतेई जिना उतरून आला,
बूट हातात, पायात नुसते मोजे.
टेबलावरचं ताट दिसलं त्याला.
वाकला. अंगठा फिरवला अक्षरांवरून,
आंधळा फिरवतो तसा, एच पासून जी पर्यंत.
मी म्हणालो, घ्या. मराठीतच म्हणालो.
त्याने मान हलवली
आणि गेला बसकडे.

आता त्याच ताटात जेवतो मी.
वरण वाढलं की आधी रेंजर्स बुडतात,
मग हिलटॉप.
शिलाँग काठाकडे आहे, ते बराच वेळ तगतं.
भाताचा शेवटचा घास पुसून घेतला
की सगळे पुन्हा वर येतात,
बावीसच्या बावीस.