खाचा

मास्तर टीलमान आले तेव्हा त्यांच्या पेटीत
दोन सदरे होते. बाकी पुस्तकं.
जहागीरदाराच्या पोरांना लॅटिन शिकवायचं
आणि जेवायला बसायचं टेबलाच्या त्या टोकाला
जिथे रस्सा पोचेपर्यंत गार होतो.

मी लीबे. त्यांच्या शेगडीतली राख काढायची माझ्याकडे.
आठवड्याला दोन मेणबत्त्या, हा घरचा नियम.
तिसरी मी परकरात लपवून नेई.
एवढं लिहितात म्हणजे प्रेमपत्रंच असणार,
असं मला वाटे.

मग एके दिवशी त्यांनी विचारलं, आमच्या भाषेत,
ठेचकाळत, जिना चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखं,
"तुमच्या पावात काय असतं?"
कोंडा, म्हटलं. बर्फ वितळायच्या आधी पाइनची सालसुद्धा.
लिहून घेतलं.
"वेठीचे दिवस कसे मोजता?"

मी काठी दाखवली.
उभी चिरलेली. अर्धी मुकादमाकडे, अर्धी आमच्याकडे,
दोन्ही जुळवून एकाच घावात खाच पाडायची,
म्हणजे कुणी कुणाला फसवत नाही.
ते खाचांवरून बोट फिरवत राहिले.
"आणि मुकादमाची काठी हरवली तर?"
त्याची हरवत नाही, मास्तर.
आमची हरवते.

त्या हिवाळ्यात राखेवर बोटाने
त्यांनी मला आकडे शिकवले. एक ते नऊ, मग शून्य.
शून्याला मी फार हसले.
जे नाहीच, ते लिहायचं कशाला?

पुढच्या शरदात धान्य सुकवायचं कोठार पेटलं.
राखणीला माझा भाऊ बेर्तुल, तीन रात्री जागा.
त्याला तबेल्यात नेलं.
बर्चच्या छड्या इथे जोडीने मोजतात.
मी बाहेर भिंतीला टेकून, कांद्याच्या चाकूने,
काठीच्या मागच्या अंगाला एकेक खाच.
आत घोडे पाय आपटत होते.

रात्री काठी मास्तरांपुढे ठेवली.
त्यांनी दोनदा मोजलं. ओठ हलत होते.
मग कागदावर दोन काढला
आणि त्याच्यापुढे ते वाटोळं, रिकामं.
तेव्हा नाही हसले मी.

बर्फगाडीतून ते रीगाला गेले, बर्फ फुटल्यावर गलबताने जर्मनीला.
तिसरी मेणबत्ती मी परत नेऊन ठेवली.

पुस्तक आलं दीड वर्षाने.
बेर्तुल तोवर एका घोडीच्या बदल्यात
नदीपलीकडच्या जहागिरीत गेला होता.
घोडी चांगली आहे. तिला मीच ओट्स घालते.

बॅरनने पाहुण्यांना मोठ्याने वाचून दाखवलं,
मी काफीची भांडी घेऊन दाराशी.
अर्धं कळलं नाही. आकडा कळला.
"बारा जोड्या?" बॅरन ओरडला, मान लाल,
"बारा! हे धडधडीत खोटं आहे!"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा
तो माणूस खरं बोलला.

दुसऱ्या दिवशी कपाट पुसताना पान शोधलं.
त्याने रागाने दुमडलं होतं, म्हणून सापडलं.
एक, आणि शेजारी दोन.
माझा दोन जागेवरून सरकला होता, शून्य कुणी खाल्लं होतं.

का, मास्तर?
लाइपझिगच्या बायका
वीस वाचून पुस्तक मिटतील
आणि बारा वाचून रडतील, असा हिशेब होता का?
असेल. तुम्हाला त्या बायका ठाऊक.
मला ती भिंत ठाऊक आहे.
लोक म्हणतात, तुम्ही आता परत येऊ शकत नाही,
रीगात तुमच्या नावाने पकडवॉरंट आहे.
मी तुमच्यासाठी प्रार्थना करते, आणि दात खाते,
कधी कधी एकाच वेळी.

आजूबाजूला कुणी नव्हतं.
पुस्तक मांडीवर उलटं घेतलं
आणि कातडी पुठ्ठ्याच्या कडेला, नखाने जोर लावून,
आठ खाचा पाडल्या.

महिनाभराने बॅरीणबाईंना दिसल्या.
उंदीर झालेत, म्हणाल्या,
आणि ग्रंथालयासाठी एक मांजर मागवलं.
पिवळं आहे.
पाव मात्र रोज पांढरा खातं.