अर्धा अथर

रुस्ताकच्या कोर्टात आधी पाणी दिलं मला,
बाटलीतलं, थंडगार.
दुभाषी केरळचा. मी हिंदीत सांगायचं, त्यानं अरबीत.
काझींचा प्रश्न एकच:
हमूद बिन सैफ 'दिलं' म्हणाले, की 'देईन' म्हणाले?

आता काय सांगू.
म्हातारा माझ्याशी बोलायचा ती भाषा
शेतातली. अरबी थोडी, उर्दू थोडी, बाकीचे हात.
तिच्यात क्रियापदं नसतातच.
'याकूब, हे शम्सा. इथून तिथं. पाणी पण.'
एवढंच.

शम्सा म्हणते, दिलं.
खलफान म्हणतो, पंपाचं कर्ज मी फेडलं
तेव्हाच बाग माझी असं ठरलेलं.
धाकटा मुहन्ना म्हणतो, इस्पितळात, शेवटच्या रात्री,
हात दाबला होता बाबांनी.
तिघंही रडले. तिघंही खरं रडले,
मी बघत होतो.

बावीस वर्षं त्या बागेत मी.
खलासची एकशे चाळीस झाडं, नगालची तीस.
माघात नराचे तुरे कमरेला खोचून
चढायचो मादीच्या शेंड्याला.
फलजची पाळी आठ दिवसांनी,
आमच्या वाट्याला नऊ अथर.
अथर म्हणजे अर्धा तास,
अर्धा अथर म्हणजे म्हाताऱ्याचे दोन कप कहवा.
पूर्वी तारा बघून पाणी फोडायचे म्हणे.
मी मोबाइलवर गजर लावायचो.

गुहागरला आमचं टेपाड आहे, बत्तीस कलमं.
अश्रफ फोनवर म्हणाला,
'बाबा मला बोलून गेलेत.'
मी म्हटलं, कुणासमोर?
'तू कुठं होतास?' म्हणाला.

मी कुठं होतो?
खजुरीच्या शेंड्यावर होतो, विळा दातात धरून.
तिथल्या शब्दाला मी साक्षी नाही,
इथल्याला आहे.

काझी वाट बघतात. दुभाषी घड्याळ बघतो.
मी सांगितलं:
साहेब, हातात काठी होती त्यांच्या.
पूर्वेच्या वाफ्यात त्यांनी रेघ ओढली,
मोठ्या नगालपासून भिंतीपर्यंत.
म्हणाले, हे शम्सा.

'मग ती रेघ?'

रात्री पाळी होती.
मी बांध फोडला.

दुभाष्यानं हे अरबीत करायला फार वेळ घेतला.
काझींनी चष्मा काढून पुसला.
शम्सा माझ्याकडे बघत होती,
रोज दुपारी माझा भात झाकून आणणारी शम्सा,
आणि मला तिला सांगायचं होतं की
रेघ खोल होती, पोरी, चांगली वीतभर खोल.
पण ते कुणी विचारलं नाही.

बाहेर टॅक्सी नव्हती.
खलफाननं गाडी थांबवली, दार आतून उघडलं.
वाडीपर्यंत कुणी बोललं नाही.
वळणावर तो म्हणाला,
'पाळी आज ना?'
आज, म्हटलं. पहाटे दोनला.
'कुठून सुरू करशील?'

खाली उतरलो. चपला हातात घेतल्या,
वाफ्यातली माती अजून गरम होती.