दोन फुटांची नदी

वाळू मला कळते, असं मी इरफानला सांगितलं.
एकतीस वर्षं उद्यमनगरात मोल्डिंग केलंय,
मुठीत दाबून सोडली की सांगतो
ओल किती, साचा धरेल का ढासळेल.
इरफान शिकलगार काच कापत होता. हसला नाही.
"मामा, ती लोखंडाची वाळू. ही पाण्याची. बघा जमतंय का."

काचा कुणाच्या तरी शोकेसमधून उरलेल्या,
पाच तुकडे, एकाचा कोपऱ्यातला टवका उडालेला.
दोनशे ऐंशी. सिलिकॉनची नळी दीडशे.
चहा त्यानंच पाजला.

पहिल्या रात्री टाकी गळली,
मांजर दूध पितं तेवढाच आवाज.
सुलभा उठली, खालचं पोतं पिळलं,
एक शब्द बोलली नाही.
हे बोलण्यापेक्षा महाग पडतं.
आणखी एक नळी. आणखी दीडशे.

फाउंड्रीतनं बादलीभर वाळू आणली, फुकट.
सतरा पाण्यांनी धुतली.
सतराव्या पाण्यालाही काजळी,
माझ्या नखांत असते तीच.
परसात ओतून दिली.
तिथं अजून काही उगवत नाही.

मग सायकल काढली, भोगावतीला गेलो,
हळदीच्या पुढं, पाणी गुडघ्याएवढं असतं तिथं.
मुगाएवढे खडे, दोन पिशव्या. दोन काळे दगड.
दगडावर लिंबू पिळायचं:
फेसाळला तर चुन्याचा, टाकीत घालायचा नाही.
नाही फेसाळला.
उरलेल्या अर्ध्या लिंबाचं सरबत केलं.
काठच्या गाळातलं रिबिनीसारखं गवत
मुळासकट, ओल्या फडक्यात गुंडाळून.
शाळेमागच्या जांभळाची वाळकी पानं.

दोन दिवसांत पाणी कोऱ्या चहासारखं.
"घाण झालं की," सुलभा म्हणाली.
म्हटलं, नदी आतून अशीच दिसते.
मी कधी पाहिली होती आतून?

महिनाभर मासे घालायचे नाहीत,
पाणी पिकू द्यायचं.
ओतीव गार व्हायला एक रात्र लागते,
मला तेवढीच वाट बघायची सवय.
बाबासो चौगुले रोज उंबऱ्यात.
"मासं कुठं हाईत?"
"यायचेत."
"एस्टीनं?"

अठराव्या दिवशी काचेवर गोगलगाय,
तांदळाच्या कणीएवढी.
मी आणलेली नव्हे, गवतातनं बिनतिकिटाची आलेली.
हिरव्या काचेवर तिनं एक वाकडी रेघ
चाटून लख्ख केली होती,
आणि त्या रेघेतून, पलीकडून,
सुलभाचा एक डोळा.

मासे म्हणजे दंडवण. बोटाच्या पेराएवढे,
डोळ्यापासून शेपटीपर्यंत एक काळी ओळ.
दुकानात कुणी ठेवत नाही, नदीतले, फुकटचे.
मच्छरदाणीच्या तुकड्यानं नऊ धरले,
तीन परत सोडले.
टाकी लहान होती, हे एक कारण.
त्याच उन्हाळ्यात खाली बंधाऱ्यापाशी
मासे पालथे तरंगत होते, पांढरी पोटं वर,
आणि पुलावरून लोक नाकाला रुमाल लावून गेले.
मीही गेलो. सायकल न थांबवता.

वहीत लिहिलं: पाचशे पंच्याऐंशी, लिंबू धरून.

काल रात्री लाईट गेली.
बॅटरी मारून पाहिलं तर सहाही जण
एका रांगेत, एकाच बाजूला तोंड करून,
शेपटी हलकी हलवत, जागच्या जागी,
जसं समोरून पाणी येतंय.
टाकीत कसला आलाय प्रवाह.
मी दिशा धरून पाहिली: राधानगरी.
अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.
सुलभाला उठवून दाखवलं.

आज परत पाहिलं,
तर सगळे स्वयंपाकघराकडं तोंड करून.
"भाकरी चाललीय," ती म्हणाली,
"त्यांना काय कळत न्हाई व्हय?"