कंदील आधी

हरिपूरच्या पेवात माणूस उतरायच्या आधी
कंदील सोडतात.
ज्योत विझली, तर थांबायचं.
हे तुम्हीच सांगितलेलं, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात,
नखांतली हळद घासत.

त्या दिवशी कंदील विझला नव्हता.
पाय घसरला, एवढंच.
पेवाच्या तोंडावर डोकं आपटलं.

मिरजेत अकरा दिवस.
"सूज उतरली, घरी न्या," म्हणाले,
आणि मी घरी आणलं ते
तुमच्या मापाचे कपडे घातलेलं कुणीतरी.
एप्रिलात गोधडी मागणारं,
वाढलेलं ताट नुसतं बघत बसणारं,
दुपारी तीनला उंबऱ्याशीच आडवं होणारं.
थोरले भाऊजी म्हणाले, बसून खायची सवय लागली.
हमालांच्या टोळीतनं दोनदा निरोप आला,
तिसऱ्यांदा आला नाही.
कुणी म्हणालं, घाटावर लिंबू उतरवा.
उतरवलं. खोटं कशाला बोलू.

दीड वर्ष.

ओळखलं ते भरत सलूनवाल्यानं.
"वहिनी, सुकुमारअण्णा महिन्यानं येतात,
आणि वस्तऱ्याला काही लागतच नाही."
घरी येऊन तुमच्या गालावर हात फिरवला.
न केलेल्या दाढीचा पंधरावा दिवस,
आणि गाल लेकराच्या टाळूसारखा मऊ.
ती भीती मला अजून सांगता येत नाही.

नव्या डॉक्टरीणबाईंनी सकाळी आठला रक्त काढलं.
आठलाच का, विचारलं.
म्हणाल्या, त्या वेळी पातळी सगळ्यात वर असते,
तेव्हाही नसेल, तर नाहीच.
कागदावर वाटाण्याएवढा ठिपका काढला,
वर बारीक देठ.
"पडताना हे हिसकलं."
पीयूषिका.
एवढं गोड नाव डोक्याच्या तळाशी, अंधारात,
आणि दीड वर्ष कुणी कंदील सोडलाच नव्हता.

गोळ्यांनाही क्रम असतो.
आधी सकाळची पांढरी, मग काही दिवसांनी थायरॉईडची.
उलट केलं तर जिवावर बेतेल, हे बाईंनी दोनदा लिहून दिलं.
ताप आला तर डोस दुप्पट.
उलटी थांबली नाही तर थेट दवाखाना.
तसं कार्ड तुमच्या खिशात, पद्मावतीच्या फोटोमागे.

तिसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा भात मागितलात.
नवव्या दिवशी नळाच्या पाण्यावरून शेजारच्या शीतलशी भांडलात.
मी आत जाऊन रडले,
एवढं ते भांडण चांगलं होतं.

सगळं परत आलं नाही.
वास आला नाही.
यार्डात हळकुंड फोडून नाकाशी धरलं,
तर म्हणालात, "रंग दिसतोय की."
धाकटीला थोरलीच्या नावानं हाक मारता.
आता तोलाईच्या वहीवर बसता, आकडे दोनदा मोजता,
आणि दर तीन आठवड्यांनी ती सुई,
जिचं कुणाला सांगायचं नाही म्हणालात.
बरं. नाही सांगत.

पण काल रात्री वीज गेली होती,
तुम्ही झोपेत कुशीवर वळलात
आणि माझ्या गालाला काहीतरी टोचलं.
खरखरीत. दोन दिवसांचं.
मी हलले नाही.
खाली सोडलेली ज्योत
जळतेय की नाही, तेवढं बघत
पडून राहिले.