सोळा ठोके

दुसखेड्याच्या केबिनमध्ये एकतीस वर्षं
घंटीच्या ठोक्यांवर पोट भरलं मी.
एक ठोका : ऐकतोयस का.
दोन : लाइन क्लिअर आहे का.
तीन : गाडी निघाली.
चार : गाडी पोचली, सेक्शन मोकळा.
सहा कधी वाजू नयेत.

आता कुंदन जहाजावर पाव भाजतो.
बारा मजल्यांचं जहाज, वर पोहायचा तलाव.
पाण्यावर पाणी कशाला, सिंधू विचारते.
त्याची खोली खाली, पाण्याच्या रेषेखाली,
एकावर एक दोन पलंग.
स्लीपर क्लास समजा नाना, तो म्हणाला.
तिथे इंटरनेट कार्डावर मिळतं,
खरवडून नंबर काढायचा, मिनिटं मोजायची.
पाहुण्यांना एक भाव, कामगारांना एक,
तरी आमच्या सावद्यात
त्या एका मिनिटाला डझनभर केळी येतात.

पहिल्या रविवारी चित्र आलं आणि थिजलं.
तोंड अर्धं उघडं, एक डोळा मिटलेला.
'माय, मी...'
आणि गरगर फिरणारं चक्र.
सिंधूने तव्यावरची कळण्याची भाकरी करपू दिली,
फोनला म्हणत राहिली, बोल ना रे बाप्पा, बोल ना.
तेवढ्यात कार्ड संपलं.
मी म्हटलं, मी जेवलो असं म्हणत होता तो.
ती म्हणाली, तुम्हाले काय मालूम.

मग मीच युक्ती काढली.
ठोक्याच्या जागी टिंब.
टिंबाला पैसा लागत नाही,
म्हणजे लागतो, पण टिंबाएवढाच.
बंदर सुटलं की तीन,
पुढचं लागलं की चार.
पिठाच्या बोटांनीही जमतं, त्याने कळवलं.

तेव्हापासून आमच्या भिंतीवर
केळी ग्रुपच्या कॅलेंडरशेजारी
जहाजाचं वेळापत्रक आहे.
मे महिन्यात, सेहेचाळीस डिग्रीत,
डोक्यावर ओला पंचा घेऊन
मी बर्फातल्या बंदरांची नावं मोठ्याने वाचतो,
बहुतेक चुकीची.
कूलरमध्ये पाणी ओतता ओतता सिंधू विचारते,
सुटली का?
सुटली.
लागली का?
एकच टिक आहे अजून.
एक टिक म्हणजे आउटरला उभी गाडी,
हे मला कोणी शिकवावं लागलं नाही.

जूनमध्ये एकदा बर्गनहून तीन आले
आणि चार आलेच नाहीत.
जुन्या सवयीने मी वही काढली,
लिहिलं : दोन वाजून दहा, तीन ठोके.
पुढचा रकाना कोरा.
एक रात्र. दुसरी.
सूनबाई काही बोलली नाही,
फक्त रेवूचा धुतलेला युनिफॉर्म
तिने परत भिजत घातला.
टीव्हीवर वादळाची बातमी नव्हती,
पण टीव्हीवर कुंदनची बातमी कशाला असेल?

तिसऱ्या पहाटे फोन थरथरला.
टिंबं होती. मोजली.
चष्मा पुसला, परत मोजली.
सोळा.

सोळा म्हणजे काय हो,
चांगलं का वाईट?
सिंधूचा हात माझ्या खांद्यावर, घट्ट.

सोळा म्हणजे टेस्टिंग.
गाडी नसते, काही नसतं,
पलीकडच्या स्टेशनातला माणूस
तार जिवंत आहे का एवढंच बघतो.

त्याला सोळा मी कधी शिकवले नव्हते.
सहा वर्षांचा होता, डबा घेऊन यायचा,
माझं जेवण होईपर्यंत
रजिस्टरच्या फळीखाली बसून
मुंग्यांशी खेळतोय असं मला वाटायचं.

नियम असा की ठोके तसेच परत द्यायचे.
मी एकेक टिंब दाबत गेलो.
रेवू डोळे चोळत आली, मांडीवर बसली,
बोटाने मोजत म्हणाली,
आबा, एक राहिलं.
ते तिला दाबू दिलं.

दोन टिक.
निळ्या व्हायला वेळ लागेल,
त्याचं कार्ड संपलं असणार.